जुन्या मोटारसायकलचा धूर : रंग आणि वेळ पाहून करावयाचे निदान

दूध डेअरीवर पोहोचविणे, तालुक्याहून बियाणे व औषधे आणणे, भाजीपाल्याची जाळी बाजारात नेणे, अशा अनेक कामांसाठी शेतकऱ्याला मोटारसायकलवाचून चालत नाही. यांपैकी बऱ्याच गाड्या पंधरा-वीस वर्षांच्या जुन्या असतात. अशी गाडी धूर सोडू लागली की "इंजिन गेले" असे समजून ते खोलले जाते, किंवा "चालते तोवर चालवू" म्हणून दुर्लक्ष केले जाते. या दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत.

पिकाचे पान पिवळे पडले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. पिवळेपणा जुन्या पानांवर आधी आला की नवीन पानांवर, शिरा हिरव्या आहेत काय, शेतात पाणी साचले आहे काय, हे पाहतो. जुनी पाने आधी पिवळी पडल्यास नत्राची कमतरता आणि नवीन पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडल्यास लोहाची कमतरता असण्याची शक्यता अधिक असते. धुराचेही तसेच आहे. धुराचा रंग कोणता आणि तो केव्हा येतो, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निदानाचे निम्मे काम होते.

पुढील माहिती मुख्यत: कार्बोरेटर असलेल्या व हवेने थंड होणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी आहे.

प्रथम गाडीचा प्रकार ओळखावा

राजदूत, येझदी, यामाहा आरएक्स १०० यांसारख्या जुन्या गाड्या टू-स्ट्रोक आहेत. त्यांच्यात पेट्रोलबरोबर थोडे तेल जळतेच, त्यामुळे फिकट निळसर धूर येणे हा दोष नव्हे. हिरो होंडा सीडी १००, स्प्लेंडर यांसारख्या फोर-स्ट्रोक गाड्यांत तेल इंजिनच्या तळाशी राहते, ते जळता कामा नये. म्हणून फोर-स्ट्रोक गाडीतून निळा धूर येणे हे नेहमीच दोषाचे लक्षण समजावे.

निळा धूर : तेल जळते आहे

फोर-स्ट्रोक इंजिनात तेल दोन वाटांनी जळण्याच्या जागेत शिरते. एक वाट वरून, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरील रबरी ऑइल सील व व्हॉल्व्ह गाइड यांच्यातून. दुसरी वाट खालून, म्हणजे झिजलेल्या पिस्टन रिंगा व सिलिंडर यांच्यातून. दोन्हींचा धूर सारखाच दिसतो, पण येण्याची वेळ वेगळी असते.

१) सकाळी गाडी सुरू करताच निळ्या धुराचा एक लोट येतो व नंतर धूर थांबतो. अशा वेळी व्हॉल्व्हचे ऑइल सील कडक झाले असण्याची शक्यता असते. रात्रभर झिरपलेले तेल पहिल्या मिनिटात जळून जाते.

२) उतारावर अॅक्सिलरेटर बंद ठेवून गाडी उतरते आणि खाली येऊन पुन्हा अॅक्सिलरेटर दिला की धुराचा लोट येतो. हेही सील व गाइडचेच लक्षण आहे. अॅक्सिलरेटर बंद असताना इंजिनची ओढ वाढते व सीलमधून तेल आत खेचले जाते.

३) चढावर किंवा ओझे घेऊन जाताना सतत निळा धूर येतो, ओढ कमी झालेली असते. अशा वेळी रिंगा व सिलिंडर झिजल्याचा संशय घ्यावा. ब्रीदर नळीतून वाफेसारखे फुत्कार येत असल्यास हा संशय बळावतो.

४) तेल बदलल्यानंतर लगेच धूर सुरू झाला असल्यास तेल जास्त भरले गेले काय, हे आधी पाहावे. १०० सीसीच्या इंजिनात साधारण १ लिटर किंवा त्याहून थोडे कमी तेल मावते. जादा तेल ब्रीदरवाटे एअर फिल्टरकडे जाऊन जळू शकते. तेल खुणेपर्यंत कमी करणे एवढाच त्यावर उपाय आहे.

याबाबत माझा स्वत:चा अनुभव नमूद करतो. वडिलांनी १९९८ साली घेतलेली १०० सीसीची फोर-स्ट्रोक गाडी मी वापरतो. ती धूर सोडू लागली तेव्हा गॅरेजमध्ये "हाफ इंजिनचे काम करावे लागेल" असे सांगण्यात आले. खरिपाच्या खतासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. बोअर केला, नवा पिस्टन व रिंगा टाकल्या. पंधरा दिवसांनी घाट उतरून खाली आलो, अॅक्सिलरेटर दिला आणि मागे तोच निळा लोट! दोष सीलचा होता, आणि ते बदललेच नव्हते. मेकॅनिकने धूर केव्हा येतो हे विचारले नाही हे खरे, पण मीही ते सांगितले नव्हते. विद्यार्थ्यांना पिकाच्या रोगाची लक्षणे नोंदवायला शिकवणारा मी, स्वत:च्या गाडीची लक्षणे नोंदवायला विसरलो.

काळा धूर : पेट्रोल जास्त, हवा कमी

काळा, कोरडी काजळी सोडणारा धूर येत असल्यास घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा इंजिन खोलावे लागत नाही. मात्र पेट्रोल वाया जाते व गाडीचे अॅव्हरेज घटते. पुढील गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात.

१) चोक ओढलेला राहिला आहे काय?

२) एअर फिल्टर धुळीने भरला आहे काय? मळणीच्या दिवसांत व कच्च्या रस्त्यावर फिल्टर लवकर तुंबतो. स्पंजचा फिल्टर धुऊन, वाळवून, तेलाचा हलका हात देऊन बसवावा. कागदी फिल्टर धुऊ नये, तो झटकावा किंवा बदलावा. फिल्टर काढून गाडी कधीही चालवू नये. आत गेलेली धूळ सिलिंडर घासून काढते आणि आजचा काळा धूर उद्या निळा होतो.

३) कार्बोरेटरमधील फ्लोटची सुई गळते काय? गाडी उभी असताना पेट्रोलचा वास येणे, नळीतून पेट्रोल ठिबकणे ही त्याची लक्षणे होत.

सुई गळत असल्यास पेट्रोल इंजिन तेलातही उतरू शकते. डिपस्टिकवर तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली व तेलाला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालवू नये. पातळ झालेले तेल वंगणाचे काम करीत नाही. सुई दुरुस्त करून मगच नवे तेल भरावे.

पांढरा धूर : वाफ की दोष?

थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते व गाडी तापली की नाहीशी होते. हे स्वाभाविक आहे. १ लिटर पेट्रोल जळाल्यावर जवळपास १ लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, तीच थंड हवेत दिसते.

पावसाळ्यात गाडी अडखळत असेल व पांढरी वाफ बराच वेळ येत असेल, तर टाकीत पाणी शिरल्याची शंका घ्यावी. ऊस व धान्यापासून बनविलेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळलेले असते. टाकीत पाणी गेल्यास ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी थर धरते. टाकी व कार्बोरेटरची वाटी रिकामी करून स्वच्छ करावी आणि टाकीच्या झाकणाचे रबर तपासावे.

टू-स्ट्रोक गाडीतून दाट पांढरट-निळा धूर थांबतच नसेल आणि गिअरबॉक्समधील तेल कमी होत असेल, तर क्लचकडील क्रँकचे ऑइल सील फाटलेले असण्याची शक्यता मोठी असते. तेल कमी न होता धूर वाढला असल्यास मिश्रणाचे प्रमाण पाहावे. १:२५ म्हणजे १ लिटर पेट्रोलला ४० मि.लि. व १:५० म्हणजे २० मि.लि. टू-स्ट्रोक तेल. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले प्रमाणच वापरावे. फवारणीचे औषध आपण मापाने घालतो, तसे हे तेलही मापानेच घालावे. अंदाजाने जास्त घातल्यास सायलेन्सर काजळीने तुंबतो आणि कमी घातल्यास पिस्टन जाम होतो.

घरच्या घरी करावयाच्या चाचण्या

१) कागदाची चाचणी : गाडी चालू असताना सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर पांढरा कागद धरावा. तेलकट डाग पडल्यास तेल, कोरडी काजळी लागल्यास जादा पेट्रोल, डाग वाळून नाहीसा झाल्यास पाणी.

२) प्लगची चाचणी : इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून पाहावा. टोक फिकट तपकिरी असणे चांगले. कोरडे काळे म्हणजे पेट्रोल जास्त. ओले, तेलकट काळे म्हणजे तेल जळते आहे.

३) कॉम्प्रेशनची चाचणी : ही मेकॅनिककडून गेजने करून घ्यावी. प्रथम कोरडी नोंद घ्यावी. नंतर प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे सुमारे ५ मि.लि. इंजिन तेल सोडून पुन्हा नोंद घ्यावी. आकडा बराच वाढल्यास रिंगा व सिलिंडर झिजलेले आहेत. कमी असलेला आकडा तसाच राहिल्यास दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे असावा. पहिला आकडाच चांगला असून निळा धूर येत असल्यास ऑइल सीलकडे लक्ष द्यावे. चाचणीसाठी सोडलेले तेल जळेपर्यंत गाडी थोडा वेळ धूर सोडेल, त्याची चिंता करू नये.

चाचणी नेहमी मोकळ्या जागेत करावी. बंद खोलीत किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही व त्याला वासही नसतो.

दुरुस्तीचा क्रम

कमी खर्चाचे उपाय आधी करावेत : तेलाची पातळी, एअर फिल्टर, कार्बोरेटर, ऑइल सील आणि सर्वांत शेवटी बोअर. बोअर करण्यापूर्वी सिलिंडरची झीज मोजून घेण्याचा आग्रह धरावा. सिलिंडर झिजलेला असताना नुसत्या नव्या रिंगा टाकल्यास पैसे वाया जातात. बोअर केल्यास त्याच मापाचा ओव्हरसाइज पिस्टन टाकला जातो. त्याच वेळी व्हॉल्व्हचे ऑइल सीलही बदलून घ्यावेत.

निळा धूर सोडणारी गाडी दुरुस्त होईपर्यंत दर आठवड्याला तेलाची पातळी पाहावी. तेल संपून इंजिन जाम झाले तर सीलच्या जागी संपूर्ण इंजिनाचा खर्च येतो, शिवाय चालत्या गाडीचे चाक अडकून अपघात होण्याचा धोका असतो.

शेतकरी बंधूंनी गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी चार-आठ दिवस धुराचा रंग, येण्याची वेळ आणि घातलेले तेल यांची नोंद वहीत करावी. ही वही मेकॅनिकपुढे ठेवावी व इंजिन खोलण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.