कासवाच्या पोटाखालची ढाल

मुलांनो, कासव म्हटले की तुम्हांला त्याची टणक पाठ आठवते. पण त्याच्या पोटाखाली काय असते? तेथेही एक ढाल असते. आज तिची ओळख करून घेऊ.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याजवळ वायंगणी आणि देवगड तालुक्यात तांबळडेग ही किनाऱ्यावरची गावे आहेत. हिवाळ्यात तेथे ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. मादी वाळूवरून सरपटत जाते, तेव्हा तिच्या शरीराचा भार याच ढालीवर असतो.

ही ढाल नऊ हाडांची असते. चार जोड्या आणि पुढच्या बाजूला मधोमध एक हाड. समुद्रकासवाच्या या हाडांमध्ये मोकळ्या जागा असतात, म्हणून ढाल हलकी होते. हाडांवर नखासारख्या पदार्थाचे फिकट रंगाचे खवले असतात. गवंडी चिऱ्यांची भिंत बांधताना सांध्यावर सांधा येऊ देत नाही. येथेही खवल्यांचे सांधे बहुतेक ठिकाणी हाडांच्या सांध्यांवर येत नाहीत. त्यामुळे ढाल मजबूत होते. दोन्ही ढाली कडेला जोडलेल्या असतात. ऑलिव्ह रिडलेच्या या जोडावर प्रत्येक बाजूला सहसा चार खवले असतात. त्या प्रत्येकात एक बारीक छिद्र असते. ही या कासवाची एक खूण आहे.

कासवाची आधी कोणती ढाल तयार झाली असेल? चीनमध्ये सुमारे बावीस कोटी वर्षांपूर्वीच्या एका कासवाचे अवशेष सापडले. शास्त्रज्ञांनी २००८ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याच्या पोटाची ढाल पूर्ण होती, पाठीची मात्र अपुरी होती!

एवढी मजबूत ढाल असली, तरी कासवाला उताणे करू नका. त्याची फुप्फुसे पाठीच्या ढालीला लागून असतात. ते उताणे पडले, की पोटातील अवयवांचा भार फुप्फुसांवर येतो आणि त्याला श्वास घेणे कठीण होते. जड समुद्रकासवाला वाळूवर पुन्हा सुलटे होणेही अवघड जाते. समुद्रकासवाला डोके आणि पाय कवचात ओढून घेता येत नाहीत, हेही लक्षात ठेवा. म्हणून किनाऱ्यावर कासव दिसले, तर दूर उभे राहून पाहा. ते जखमी असेल, तर मोठ्या माणसांना सांगून वनखात्याला कळवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. पोटाची ढाल पाहायची असेल, तर चित्रात पाहा.

प्रश्न
१. पोटाच्या ढालीत किती हाडे असतात?
२. चिऱ्यांच्या भिंतीचे उदाहरण कशासाठी दिले आहे?
३. कासवाला उताणे का करू नये?