फोटोचे हक्क विकताना एका पानाचा करार कसा लिहायचा?

आजच्या व्हिडिओत कराराचा नमुना दाखवलाय. तो तसाच उतरवून घेण्याआधी हे वाचा, कारण कोणती ओळ कशासाठी आहे हे कळलं नाही तर नमुन्याचा काही उपयोग नाही.

माझं फ्रेमिंग आणि प्रिंटिंगचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी एक रिसॉर्टवाले आले. भिंतीवर मी काढलेला कास पठाराचा फोटो होता. "कॅलेंडरला वापरतो, किती घ्याल?" मी म्हटलं 2,000. पैसे आले, मी फाइल पाठवली, विषय संपला. चार महिन्यांनी तोच फोटो हायवेच्या होर्डिंगवर! फोन केला तर म्हणतात, "दादा, फोटो आम्ही विकत घेतलाय ना." आणि माझ्याकडे दाखवायला काय होतं? "ओके सर, पाठवतो" एवढा एक मेसेज. गप्प बसलो.

चूक माझीच होती. फोटो वापरायला देणं म्हणजे गाळा भाड्याने देण्यासारखं आहे. गाळा देताना आपण किती महिने, कोणता धंदा, पोटभाडेकरू चालणार नाही, सगळं लिहून घेतो. आणि फोटो मात्र तोंडी!

आधी बघा, फोटो तुमचा आहे का?

इथे बरेच जण फसतात. स्वतःच्या मनाने काढलेल्या फोटोचा कॉपीराइट तुमचा, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला असेल, तर कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसेल तर पहिला मालक तो ग्राहक! म्हणजे मिठाईवाल्याने ऑर्डर देऊन काढून घेतलेले पेढ्यांचे फोटो तुम्ही परस्पर दुसऱ्याला विकू शकत नाही. हक्क स्वतःकडे हवे असतील तर शूटच्या आधीच लिहून घ्या. पगारावर फोटोग्राफर असाल तर हाच प्रश्न मालकासोबत येतो, तिथेही आधी बोलून घ्या.

करारात काय लिहायचं?

दोघांची नावं, पत्ते, तारीख, फोटोचा फाइल नंबर. शक्यतो फोटोची छोटी प्रिंट करारालाच जोडा, म्हणजे "कोणता फोटो?" हा वादच नको.

मग सगळ्यात महत्त्वाची ओळ, वापराची. "जाहिरातीसाठी" असं मोघम लिहिलंत की होर्डिंगही त्यातच आलं. मी आता असं लिहितो:

"फोटो क्र. 14 चा वापर फक्त 2026 च्या भिंतीवरील कॅलेंडरसाठी, जास्तीत जास्त 1,000 प्रती, महाराष्ट्रात वितरणासाठी करता येईल. परवान्याची मुदत 31 डिसेंबर 2026 पर्यंत. होर्डिंग, पॅकिंग, वेबसाइट, सोशल मीडिया यासाठी वेगळी लेखी परवानगी व वेगळे शुल्क लागेल. हा परवाना दुसऱ्या कोणालाही देता येणार नाही. फोटोचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडेच राहील."

मुदत आणि प्रदेश टाळू नका. कायद्याच्या कलम 19 आणि 30अ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. म्हणजे तुम्ही कॅलेंडरच्या एका वर्षाचे पैसे घेतले आणि दिली पाच वर्षं.

ग्राहक "एक्स्क्लुझिव्ह" मागतो का ते विचारा. मागितलं तर त्या मुदतीत तो फोटो तुम्हाला दुसऱ्याला देता येणार नाही, आणि वेगळं काही लिहिलं नसेल तर स्वतःलाही वापरता येणार नाही. मी तरी तिप्पट रेटशिवाय देत नाही. एक्स्क्लुझिव्ह नसेल तर तेही स्पष्ट लिहा.

पैशाबाबत एक वाक्य पुरे: "पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच परवाना सुरू होईल." त्याआधी वॉटरमार्कवालीच फाइल द्या. ठरलेल्यापेक्षा जास्त वापर झाला तर किती शुल्क, तेही आकड्यात लिहा. फोटोखाली नाव हवं असेल तर ते कसं छापायचं, अक्षरशः तसंच लिहून द्या.

फोटोत ओळखू येणारी माणसं असतील तर जाहिरातीसाठी देण्याआधी त्यांची लेखी संमती घ्या. वारीतल्या माऊलींचा फोटो कितीही सुंदर असो, तेलाच्या बाटलीवर तो विचारल्याशिवाय छापला तर त्यांना काय वाटेल?

दोघांच्या सह्या, दोन प्रती. बिलावर "फोटो विक्री" असं लिहू नका, "फोटो वापर परवाना शुल्क" लिहा आणि कराराची तारीख टाका. रक्कम मोठी असेल, किंवा ग्राहकाने स्वतःचा दहा पानी करार पुढे केला, तर वकिलाला दाखवूनच सही करा.

आणि हो, ते रिसॉर्टवाले परत आले होते, नव्या ब्रोशरसाठी फोटो हवा म्हणून. मी हे पान पुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, "एवढं कशाला?" म्हणाले, आणि सही केली. या वेळी कॅलेंडरचे वेगळे, ब्रोशरचे वेगळे. रेट कसा काढला ते पुढच्या व्हिडिओत.