शिकारी माशांची पिल्ले आणि त्यांची टाकी

चणकाचे पिल्लू स्वतःच्या लांबीच्या सुमारे दोन तृतीयांश लांबीचे भावंड गिळते. सहा सेंटीमीटरच्या पिल्लाबरोबर चार सेंटीमीटरचे ठेवले, तर सकाळपर्यंत धाकटे नाहीसे झालेले असते. कधी दोन्ही जातात: मोठ्याच्या तोंडातून धाकट्याची शेपटी बाहेर आलेली, घशात अडकलेला घास पुढेही जात नाही की मागेही येत नाही, आणि मासा तळाला आडवा. गोव्यात ज्याला चणक आणि रायगडात जिताडा म्हणतात, त्या माशाची ही सवय टाकी कशी असावी हे ठरवते. ऑस्कर, अरोवाना, मरळ, अ‍ॅलिगेटर गार हे शोभेच्या टाकीतले शिकारी त्याच वाटेने जातात. फरक पडतो तो वाढीच्या वेगात आणि अंतिम लांबीत.

चणक खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि पिल्ले भरतीबरोबर आत शिरतात. तेरेखोल आणि शापोरा या गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या दोन सीमांवरच्या नद्यांची मुखे त्याला मानवणारी आहेत. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, ही पिल्ले मानशीतून, बांधातल्या पाण्याच्या दारातून, येतात. पेण-अलिबागकडचे शेतकरी पावसाळ्यात खाडीतून बीज धरून गावतळ्यांत जिताडा पोसत आले आहेत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यशेती संस्थेने १९९७ मध्ये हा मासा बंदिस्त पाण्यात वाढवून त्याचे बीज तयार केले, आणि तेव्हापासून हॅचरीचे एकसारख्या मापाचे बीज मिळू लागले. खाडीत धरलेल्या बिजात लहानमोठी सगळी मापे एकत्र असतात. म्हणून ते टाकीत टाकण्याआधीच निवडावे लागते.

भावंडे खाण्याचा जोर पिल्लू पंधरा सेंटीमीटरचे होईपर्यंत राहतो. तोवर दर तीन-चार दिवसांनी मापाप्रमाणे निवड करणे हाच उपाय आहे. हे काम जमेल अशी टाकी हवी: तळ उघडा, आत दगड-रेती नाही, पाणी उथळ, हातजाळी चारही कोपऱ्यांत पोचणारी. लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे पुरतात, तेही पटकन उचलता येतात. एका मोठ्या टाकीपेक्षा सारख्या मापाच्या तीन लहान टाक्या बऱ्या, कारण निवडलेली पिल्ले ठेवायला दुसरी जागा नसेल तर निवड होतच नाही. दुकानात ड्रिफ्टवुड आणि झाडे लावून सजवलेली टाकी पाहून तशीच घरी करणारे बहुतेक जण पिल्ले मोजणेही सोडून देतात. सजावट मोठ्या माशासाठी ठेवावी.

टाकीचे माप ठरवताना उंचीपेक्षा तळाची लांबी-रुंदी पाहावी. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते आणि बोटाएवढ्या पिल्लांना काही आठवडे ते चालते. ऑस्करचे पिल्लू चांगल्या खाण्यावर महिन्याला दोन-अडीच सेंटीमीटर वाढते आणि ३० सेंटीमीटरपर्यंत जाते. चार बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर, ही एकट्या ऑस्करची किमान जागा. चंदेरी अरोवाना ९० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. सहा बाय दोन बाय दोनच्या टाकीतही त्याला वळायला दोनच फूट रुंदी मिळते, म्हणून त्याच्या बाबतीत लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची. गारचे अंग ताठ आणि खवले चिलखतासारखे कडक, त्यामुळे अरुंद टाकीत त्याला वळणेच कठीण होते. चणक निसर्गात एक मीटरच्याही पुढे जातो. त्याच्यासाठी काचेची टाकी म्हणजे फक्त बाळंतघर, पुढची जागा तळ्यात किंवा खाजनात. सहा फुटी टाकीत ६८० लिटर पाणी असते, म्हणजे काच आणि स्टँड धरून वजन आठ-नऊ क्विंटल. ती माळ्यावर नव्हे, तळमजल्याच्या पक्क्या जमिनीवर ठेवावी.

पेडण्यात जास्त घोळ पाण्याचा होतो. तालुक्याची जमीन बहुतांश जांभ्याची, आणि जांभ्यातल्या विहिरीचे पाणी मऊ व किंचित आम्ल असते. ऑस्कर आणि चंदेरी अरोवाना दक्षिण अमेरिकेतले असल्याने त्यांना असे पाणी आवडते. फिल्टरमधल्या जिवाणूंना मात्र ते मानवत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात, जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि या कामात पाण्यातला क्षार खर्च होतो: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम. मऊ पाण्यात तो मुळातच थोडा. भरपूर खाणाऱ्या शिकारी पिल्लांच्या टाकीत तो काही आठवड्यांत संपतो, सामू सहाच्या खाली उतरतो आणि फिल्टर मंदावतो. पाणी मात्र काचेसारखे स्वच्छ दिसत राहते आणि मासेही ठीक वाटतात, कारण आम्ल पाण्यात अमोनिया कमी विषारी अमोनियमच्या रूपात साठलेला असतो. मग कोणी तरी चांगल्या मनाने अर्धे पाणी काढून नळाचे भरतो. सामू एकदम चढतो, साठलेल्या अमोनियमचा विषारी अमोनिया होतो, आणि तासाभरात पिल्ले पृष्ठभागावर कल्ले ताणून धापा टाकू लागतात. पाणी बदलले म्हणून मासे मेले, असे जे ऐकू येते ते बऱ्याचदा असे घडलेले असते.

याला उपाय स्वस्त आहे. तिसऱ्यांचे किंवा खुब्यांचे रिकामे शिंपले मांस काढून, उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवावेत. ते हळूहळू विरघळतात आणि क्षार टिकून राहतो. सामू तपासण्याचा संच घेऊन आठवड्याला एकदा नोंद करावी. पाणी एका वेळी पाचवा हिस्साच बदलावे. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या विहिरीचे किंवा नळाचे पाणी वापरण्याआधी त्यातला क्लोरीन काढावा: हवा सोडून दिवसभर ठेवावे किंवा सोडियम थायोसल्फेट वापरावे. नवा फिल्टर तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पिल्ले घेऊन मग फिल्टर लावणे हा उलटा क्रम आहे. ज्याच्या घरी निरोगी जुनी टाकी आहे त्याच्याकडून वापरातला स्पंज मागून आणला तर ही मुदत बरीच आटोपते.

पावसाळ्यात वीज जाते, हे गृहीत धरूनच पंप घ्यावा. ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, आणि दाट पिल्लांच्या टाकीत तो लवकर संपतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप महाग नाही. हॅचरीचे चणकाचे बीज खाऱ्या पाण्यातून येते, तेव्हा विकणाऱ्याला पाण्याचा खारटपणा विचारून घ्यावा आणि गोडे पाणी काही दिवसांत थोडेथोडे मिसळावे.

खाणे कमी पण अनेक वेळा द्यावे. जवळा किंवा सोललेल्या सुंगटांचे बारीक तुकडे चालतात. बांगडा-तारलीचा तेलकटपणा पाण्यावर तवंग धरतो. जिवंत गप्पी किंवा गोल्डफिश खाऊ घालण्याची हौस टाळावी. त्यांच्यासोबत परजीवी येतात, आणि गोल्डफिशमध्ये जीवनसत्त्व ब-१ नष्ट करणारे द्रव्यही असते. पिल्ले लहान असतानाच गोळीखाद्याची सवय लावली तर पुढचा त्रास वाचतो. मोठा अरोवाना हट्टाने दिवसचे दिवस उपाशी राहतो. झाकण घट्ट हवे, कारण अरोवाना आणि मरळ दोन्ही उड्या मारतात. मरळाला वर येऊन हवा घ्यावी लागते, म्हणून पाणी आणि झाकण यांच्यात चार बोटे मोकळी ठेवावीत.

शेवटी प्रश्न उरतो तो वाढलेल्या माशाचा. टाकीत न मावणारा मासा मयेच्या तलावात, तिळारीच्या कालव्यात किंवा देवळाच्या तळीत सोडला जातो. २०१८ च्या महापुरानंतर केरळच्या नद्यांत अरापैमा आणि गार सापडले, आणि २०२३ मध्ये भोपाळच्या तलावात व श्रीनगरच्या दल सरोवरातही अ‍ॅलिगेटर गार मिळाला. हे मासे पाण्यातले देशी मासे खातात आणि ती जागा सोडत नाहीत. अ‍ॅलिगेटर गार दोन मीटरच्या पुढे वाढतो आणि कित्येक दशके जगतो. पेडण्यातल्या कोणत्याही घरात त्याला पुरेल अशी टाकी होणार नाही, म्हणून त्याचे पिल्लू विकत घेऊ नये.