तळघरातील बिऱ्हाडे आणि बांधकाम नियम

सह्याद्रीतून उतरलेली सावित्री नदी पोलादपूरवरून महाडकडे येते. महाडजवळ तिला गांधारी मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून चढणारी भरती तिच्या पाण्याला अडवते. अतिवृष्टी व भरती यांची गाठ पडली की पुराचे पाणी शहरात शिरते. २२ जुलै २०२१ रोजी महाडने हा अनुभव अत्यंत भीषण स्वरूपात घेतला. त्याच अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळून मोठी मनुष्यहानी झाली. अशा मुलखात घराच्या सर्वांत खालच्या भागाचा उपयोग कशासाठी होतो, हा प्रश्न केवळ नगररचनेचा राहत नाही. तो जीविताचा होतो.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार, शिक्षणासाठी आलेले विद्यार्थी, बदलीवर आलेले कर्मचारी या सर्वांना परवडणाऱ्या भाड्याची खोली हवी असते. घरमालकालाही उत्पन्नाची गरज असते. त्यातून परवानगीशिवाय खोल्या काढल्या जातात. अशा खोल्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात : जमिनीखालचे तळघर, वाहनांसाठी सोडलेला खांबांमधील मोकळा तळ भिंती घालून बंद केलेली खोली, आणि उतारावरील घराचा रस्त्याच्या पातळीखाली गेलेला मजला, ज्याची एक बाजू मोकळी व मागची भिंत डोंगराच्या मातीला टेकलेली असते. या खोल्या ‘नियमित करून घ्याव्यात’ अशी मालकाची इच्छा असते. तथापि, नियमित करणे म्हणजे कागदावर शिक्का मिळवणे नव्हे, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे.

येथे माणसाने राहावे काय?

राज्यातील बहुतेक भागास डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तीनुसार तळघराचा उपयोग सामान ठेवणे, वाहने उभी करणे, यंत्रसामग्री बसवणे अशा कामांसाठी अपेक्षित आहे, निवासासाठी नाही. म्हणून खऱ्याखुऱ्या तळघरातील बिऱ्हाड रंगरंगोटी करून किंवा पंखा बसवून नियमात बसत नाही. तेथे राहणे थांबवून मूळ उपयोग पुन्हा सुरू करणे हाच नियमाप्रमाणे होण्याचा मार्ग होय.

दुसरी कसोटी पूररेषेची. साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखवते आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषा दाखवते. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा होय. निळ्या व लाल रेषांमधील बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर असावे लागते. रस्त्याच्याही खाली असलेली खोली ही अट पाळू शकत नाही, हे उघड आहे.

या नियमामागील कारण पदार्थविज्ञानाच्या साध्या गणिताने समजते. खोलीच्या बाहेर अर्धा मीटर पाणी साचले आणि आत पाणी नसले, तर ९० सेंटिमीटर रुंदीच्या दारावर पाण्याचा सुमारे ११२ किलोग्रॅम भाराइतका रेटा येतो. बाहेर उघडणारे दार मग आतल्या माणसाला ढकलता येत नाही, आणि आत उघडणाऱ्या दाराची कडी काढताच पाण्याचा लोंढा आत येतो. खिडकीला गज असतील तर तीही वाट बंद. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीतील जुन्या राजेंद्रनगरात शिकवणी वर्गाच्या तळघरात पाणी शिरून ३ विद्यार्थी मृत्युमुखी पडले; ते तळघर वाचनालय म्हणून वापरले जात होते. सप्टेंबर २०२१ च्या आरंभी ‘आयडा’ वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात तळघरांतील बिऱ्हाडांत राहणाऱ्या ११ जणांचा अंत झाला. साधनसंपन्न शहरांनाही पाणी सवलत देत नाही, हाच याचा अर्थ.

जी खोली सुधारता येते, तिचे काम

उतारावरील घराचा एका बाजूने मोकळा असलेला मजला, पूररेषेच्या व दरडप्रवण जागेच्या बाहेर असेल, तर त्याचा विचार होऊ शकतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार एकच राहती खोली असल्यास तिचे क्षेत्रफळ किमान ९.५ चौरस मीटर, रुंदी २.४ मीटर आणि उंची २.७५ मीटर असावी लागते. उष्ण व दमट हवामानात खिडक्या-झरोक्यांचे एकूण क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या एक-षष्ठांश असावे. उदाहरणार्थ, ३ मीटर गुणिले ३.२ मीटरच्या खोलीचे क्षेत्रफळ ९.६ चौरस मीटर होते, तिला १.६ चौरस मीटर उघडी जागा हवी. या खिडक्या मोकळ्या हवेत उघडल्या पाहिजेत, जिन्याखाली किंवा बंद बोळात नव्हे.

येथेच एक धोकादायक चूक संभवते. खोलीची उंची २.४ मीटर भरली म्हणून जमीन ३५ सेंटिमीटर खणून उंची वाढवली जाते. असे खणताना पायाभोवतीची माती सुटते आणि संपूर्ण इमारतीचा आधार कमजोर होतो. खिडकीसाठी भारवाही भिंत फोडणे वा खांब छाटणे हेही तितकेच घातक होय. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुरा भागातील पाच मजली तारिक गार्डन ही इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला. तिच्या बांधकामास दहा वर्षेही झालेली नव्हती. इमारत नवी आहे म्हणून ती भक्कम आहे, असे गृहीत धरता येत नाही, हा धडा महाडने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. म्हणून कोणत्याही बदलापूर्वी संरचना अभियंत्याकडून तपासणी आवश्यक आहे.

मागील भिंतीवर मातीबरोबर मुरलेल्या पाण्याचाही रेटा असतो. तिच्या मागे खडीचा थर व पाणी बाहेर काढणारी छिद्रे असावीत. वरच्या अंगाला गटार असावे. वीजमीटर व बटणे उंचावर घ्यावीत आणि वीजगळती होताच प्रवाह तोडणारे साधन बसवावे. बाहेर पडण्यास दुसरी वाट ठेवावी. शौचकूप मैलाटाकीच्या पातळीखाली गेल्यास मैला उलटून आत येतो, हेही पाहावे.

अर्जाचा क्रम

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस आल्यास ती पेटीत ठेवून देऊ नये. बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी नोटिशीच्या मुदतीत कलम ४४ नुसार अर्ज करता येतो. प्रथम मूळ मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र काढावे. नंतर प्रत्यक्ष मोजणी, पूररेषेची खात्री व संरचना अभियंत्याचा अहवाल घ्यावा. आणि शेवटी सुधारित नकाशासह अर्ज करावा. महाडमध्ये नगरपरिषद व पोलादपूरमध्ये नगरपंचायत यांच्याकडे, तर गावात ग्रामपंचायत व तहसील कार्यालय यांच्याकडे विचारणा करावी. चटईक्षेत्र शिल्लक आहे किंवा कसे, आणि वाहनतळाची जागा कमी पडते काय, हेही तपासले जाते. २०१७ मध्ये आलेल्या कलम ५२-अ ची तरतूद ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांपुरती आहे. निळ्या पूररेषेतील बांधकामांना तिचा आधार नाही. घरपट्टी भरल्याची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे.

भाडेकरूचे काय?

खोली बंद करण्याची वेळ आली तर पहिला आघात भाडेकरूवर होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून ती जबाबदारी मालकाची आहे. करार नसलेला कामगार तक्रार करण्यास धजत नाही. धोका जाणूनही तो गप्प राहतो. यास्तव ग्रामपंचायत सदस्यांनी व नगरसेवकांनी पावसाळ्यापूर्वीच अशा खोल्यांची यादी करावी, मालक व भाडेकरू यांना एकत्र बसवावे आणि पर्यायी खोलीचा विचार कारवाईआधी व्हावा असे पाहावे. शिक्षकांना आपला कोणता विद्यार्थी कोठे राहतो हे ठाऊक असते. त्यांची माहिती येथे मोलाची ठरेल.

जी खोली सुधारता येते ती सुधारावी, जी येत नाही ती मोकळी करावी. या दोहोंतील निवड कोरड्या दिवसांत झाली पाहिजे. पाणी उंबऱ्याशी आल्यावर ती करण्यास अवधी उरत नाही.