उंदरीण आई कशी होते?



रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, भारजा नदी समुद्राला मिळते तेथे केळशी हे गाव आहे. थंडीच्या दिवसांत या किनाऱ्यावर रात्री ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण येते. मागच्या पायांनी ती वाळूत खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात, तेव्हा आई जवळ नसते. तिने आपली पिल्ले कधी पाहिलेलीच नसतात.

आता किनाऱ्यावरून गावात या. भातकापणी झाली आहे आणि एका घराच्या माळ्यावर पेंढा रचला आहे, असे समजा. तुम्ही एक पेंढी उचलता, तो खाली चिंध्या आणि कागदाचे कपटे यांचे मऊ घरटे दिसते. त्यात सहा-सात गुलाबी पिल्ले आहेत. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, एकेकाचे वजन जेमतेम एक-दीड ग्रॅम. धक्का लागून त्यांतले एक पिल्लू बाजूला पडते. त्याला हात लावू नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग पसरतो. दूर जाऊन स्वस्थ उभे राहा. उंदरीण फार बिचकली नसेल, तर थोड्या वेळाने येईल, पिल्लाला अलगद तोंडात धरील आणि घरट्यात नेऊन ठेवील.

पिल्लू कोठे पडले हे तिला कसे कळले? वासाने कळले, तसेच आवाजानेही. तुम्हाला मात्र काहीच ऐकू आले नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. घरट्याबाहेर पडून गारठलेले पिल्लू ज्या आवाजात ओरडते, त्याची कंपने सेकंदाला ४०,००० हून अधिक असतात.

आता खरा प्रश्न. ही उंदरीण पहिल्यांदाच व्याली असेल, तर हे सारे तिला शिकवले कोणी? कासविणीला जे जमत नाही, ते हिला कसे जमले? उत्तर तिच्या मेंदूत आहे. ते शोधताना शास्त्रज्ञांनी दोन प्रकारचे उंदीर वापरले: घरात असतो तसा लहान उंदीर आणि त्याहून बराच मोठा उंदीर. दोघांच्या वागण्यात थोडा फरक आहे. म्हणून कोणता प्रयोग कोणावर झाला, हे सांगत जाऊ.

मोठ्या उंदराच्या न व्यालेल्या मादीपुढे पिल्ले ठेवली, तर पहिल्यांदा ती त्यांना टाळते. १९७२ मध्ये अमेरिकेत टर्केल आणि रोझेनब्लॅट यांनी नुकत्याच व्यालेल्या मादीचे रक्त अशा मादीच्या शरीरात खेळवले. दिवसभराच्या आतच ती पिल्लांना आईसारखी सांभाळू लागली! म्हणजे आईच्या रक्तात काहीतरी होते. ते काहीतरी म्हणजे संप्रेरके. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरके मेंदूची तयारी करतात. प्रसूतीच्या वेळी ऑक्सिटोसिन स्रवते. गर्भाशयाचे आकुंचन होणे आणि आचळांतून दूध बाहेर येणे ही त्याची कामे आहेतच. शिवाय ते मेंदूवरही परिणाम करते. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांना लहान उंदरांत असे आढळले, की ऑक्सिटोसिनमुळे मादीच्या मेंदूच्या डाव्या बाजूचे श्रवणकेंद्र पिल्लांच्या हाकेला नीट प्रतिसाद देऊ लागते. हाक तीच असते. ऐकणारा मेंदू बदलतो.

ही संप्रेरके मेंदूत नेमकी कोठे काम करतात? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. त्याच्या पुढच्या टोकाच्या जागेला नुकसान पोहोचले, की मोठ्या उंदराची आई पिल्लांकडे लक्ष देईनाशी होते, हे न्यूमन यांनी १९७४ मध्ये दाखवले. पुढे २०१४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात कॅथरीन ड्युलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान उंदरांत याच जागेतील गॅलॅनिन हे द्रव्य तयार करणाऱ्या चेतापेशी तपासल्या. पिल्ले नसलेला नर एरवी परक्या पिल्लांवर हल्ला करतो. पण त्याच्या मेंदूतील या चेतापेशी प्रकाशाच्या साहाय्याने उद्दीपित केल्या, तेव्हा हल्ला थांबला आणि नर पिल्लांना चाटू लागला!

येथे जरा थांबून विचार करा. नराच्या मेंदूत या चेतापेशी नव्याने घातल्या नव्हत्या. त्या तेथे होत्याच. पिल्ले सांभाळण्याची व्यवस्था केवळ आईजवळ असते असे नाही. ती मादीत असते, तशी नरातही असते. आईमध्ये संप्रेरके ती लवकर जागी करतात, एवढेच.

मग संप्रेरकांवाचून ती जागी होऊ शकते का? होते. रोझेनब्लॅट यांनी १९६७ मध्येच हे दाखवले होते. मोठ्या उंदराच्या न व्यालेल्या माद्या आणि नर यांच्याजवळ त्यांनी सतत पिल्ले ठेवली. पिल्लांना दूध मिळावे म्हणून रोज ती बदलून दुसरी ताजी पिल्ले ठेवली. साधारण आठवड्याभरात यांतील बहुतेक उंदीर पिल्लांना चाटू लागले, उचलून घरट्यात नेऊ लागले. आईला जे प्रसूतीबरोबर साधते, ते यांना सहवासाने साधले.

तुम्ही म्हणाल, आईने चाटले काय आणि न चाटले काय, दूध मिळाले म्हणजे झाले! तसे नाही. कॅनडातील मायकेल मीनी यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये दाखवले, की ज्या पिल्लांना आई अधिक चाटते, त्यांच्या शरीराचा ताणाला प्रतिसाद मोठेपणी सौम्य असतो. आपल्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला आहे. जन्मानंतरच्या दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत मोठ्या उंदराची पिल्ले रोज ३ तास आईपासून दूर ठेवली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एक विलक्षण गोष्ट होती. तरुणपणी स्मरणाच्या कसोटीत हे उंदीर मागे नव्हते, उलट काही बाबतींत सरस होते. मध्यमवयात मात्र त्यांची स्मरणशक्ती घसरली. बालपणीचे रोजचे ३ तास मेंदू इतक्या उशिरापर्यंत विसरला नव्हता.

उंदराचे सारेच नियम माणसाला लागू होत नाहीत. आपला मेंदू फार गुंतागुंतीचा आहे. आपण विचाराने, शिकवणुकीने आणि रीतीभातीनेही वागतो. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कोकणात कित्येक घरांत वडील मुंबईला नोकरीला असतात आणि मूल आजीच्या किंवा आत्याच्या मांडीवर वाढते. ‘आई ती आई, इतरांना ते कसे जमणार?’ असे कोणी सहज म्हणून जाते. उंदराचा मेंदू तसे सांगत नाही. जन्म न देताही सांभाळणे जमते. त्यासाठी जवळ राहावे लागते, रोज राहावे लागते.

घरातले धान्य राखायचे तर उंदरांचा बंदोबस्त करावाच लागतो, हे खरे. पण पुढच्या वेळी माळ्यावर असे घरटे दिसले, तर ओरडण्यापूर्वी क्षणभर थांबा. त्या इवल्या मेंदूत काय घडले असेल, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.