मांजरें गेलीं, पक्षी परतले

उन्हाळ्यांत नद्यांचें पाणी ओसरलें कीं, वाळूच्या बेटांवर नदी-सुरय हा पक्षी उघड्या वाळूंतच अंडीं घालतो. भोंवतीं पाणी आहे तोंवर तीं सुरक्षित असतात. पाणी आटून वाट झाली कीं कुत्रीं तेथवर पोंचतात व अंडीं खाऊन टाकतात. महासागरांतील बेटांवर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली आहे. तिचें एक उदाहरण पाहूं.

अटलांटिक महासागरांत असेन्शन नांवाचें ८८ चौरस किलोमीटरांचें ज्वालामुखीजन्य बेट आहे. तेथें मूळचा एकही शिकारी चतुष्पाद नव्हता. म्हणून समुद्रपक्षी जमिनीवर निर्धास्तपणें अंडीं घालीत. पुढें जहाजांतून उंदीर आले. १८१५ सालीं नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर बंदींत ठेवलें, तेव्हां इंग्रजांनीं असेन्शनवर शिबंदी बसविली व उंदरांच्या नाशासाठीं मांजरें आणलीं. मांजरांना उंदरांपेक्षां पक्षी सोपे वाटले; कारण ज्यांनीं शत्रु कधीं पाहिला नाहीं, त्यांना पळणें कोठून ठाऊक असणार? कांहीं दशकांतच बहुतेक जातींचे पक्षी मुख्य बेटावरून नाहींसे झाले. जगांत अन्यत्र कोठेंही घरटें न करणारा तेथील फ्रिगेट पक्षी शेजारच्या एका लहानशा खडकाळ बेटावर तेवढा उरला.

२००२ ते २००४ या काळांत सापळे व विष यांच्या योगानें तेथील रानटी मांजरें नाहींशीं करण्यांत आलीं. एक जोडी जरी उरली असती, तरी सारे श्रम व्यर्थ गेले असते. पाळीव मांजरांची नोंद करून त्यांना निर्बीज केलें होतें. तरी कांहीं चुकून बळी पडलींच, आणि घरोघरीं हळहळ झाली. २००६ सालीं बेट रानटी मांजरांपासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. २०१२ सालीं, दीडशेंहून अधिक वर्षांनंतर, फ्रिगेट पक्ष्यानें मुख्य बेटावर पुन्हां घरटें केलें.

कार्य मात्र अपुरें आहे. उंदीर अद्याप तेथें आहेत. शिवाय कीड खाण्यासाठीं एकोणिसाव्या शतकांत नेलेली आपली साळुंकीही तेथें सुरयाचीं अंडीं फोडते. आपल्या अंगणांत निरुपद्रवी असलेला हा पक्षी तेथें उपद्रवी ठरला, यांत दोष त्याचा नाहीं. परिणामाचा विचार न करतां त्याला नेणाऱ्या मनुष्याचा आहे. आरंभीं चार मांजरें आणतांना थोडा विचार झाला असता, तर पुढें शेंकडों मांजरांचा वध करण्याची पाळी आली नसती.

म्हणून मुलांनो, तापीकांठीं किंवा पांझरेकांठीं जाल, तेव्हां आपला कुत्रा वाळूच्या बेटांवर मोकळा सोडूं नका. आणि पालकांनींही त्यांना याची आठवण द्यावी.