डोळा दुखायची वाट पाहू नका

बडोद्यात डोळे तपासण्यात माझं आयुष्य गेलं. 'दुखत नाही ना, मग बघू पुढे' हे वाक्य मी सगळ्यांत जास्त ऐकलं, आणि नजर गेलेल्या कितीतरी घरांत तेच बोललं गेलं होतं. म्हणून मुलांनो, या चार-पाच गोष्टी गाठीला बांधून ठेवा.

महिन्यातून एकदा एकेक डोळा झाकून बघा. नेहमीचा चष्मा लावा, भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर उभे राहा, एका डोळ्यावर अलगद तळहात धरा आणि तारखेखालची तिथी वाचा. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा अधू डोळ्याचं काम सांभाळून घेतो आणि माणसाला पत्ताच लागत नाही. लहान मुलांचे डोळे शाळेत घालण्याआधी तपासा. आळशी डोळ्यावर सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले, तर गुण चांगला येतो.

मोतीबिंदू पिकू देऊ नका. पिकू द्यायचा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला. लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं ते १९४९ साली. आपलं बडोद्याचं मेडिकल कॉलेजही त्याच वर्षीचं. तेव्हापासून तंत्र पार बदललं. आता जास्त पिकलेला मोतीबिंदू कडक होऊन उलट त्रास देतो. तांदूळ निवडताना खडा दिसेना, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकायला लागले, की ऑपरेशनचं विचारा. नंतर पुन्हा धूसर दिसलं तर घाबरू नका. मोतीबिंदू परत येत नाही. भिंगामागचं पातळ आवरण गढूळ होतं आणि ते लेझरने साफ करता येतं.

काचबिंदूला वयाच्या चाळिशीतच गाठा. तो बहुधा न दुखता कडेची नजर खातो. समोरचं वाचता येतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते. चाळिशीचा चष्मा रस्त्यावरून उचलू नका. त्या निमित्ताने डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्या. आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर चालढकल नकोच. थेंब चालू झाले की आपल्या मनाने बंद करू नका. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका, बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. दुसरं औषध पाच मिनिटांनी.

मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासा. स्वच्छ दिसत असलं तरीही. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसतं, म्हणून स्कूटर घरी ठेवा आणि कुणाला तरी बरोबर न्या.

मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका. स्टिरॉइडच्या थेंबांनी लाली पटकन उतरते, पण ते दिवसेंदिवस घातले तर दाब वाढतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो.

उत्तरायणात गच्चीवर चष्मा घालूनच जा, दुचाकीवर हेल्मेटची काच खाली ओढा. मांज्याने डोळा कापला तर चोळू नका, धुऊ नका, दाबून पट्टी बांधू नका. डोळ्याला टेकणार नाही असा कागदी कप वरून धरा आणि थेट सयाजी हॉस्पिटल गाठा. पानाचा चुना डोळ्यात उडाला तर मात्र उलट करायचं: क्षणही न दवडता नळाखाली धरा, पापण्या उघडून निदान अर्धा तास धुवा, दिसणारे कण पाण्याबरोबर जाऊ द्या आणि मगच निघा. मध, तूप, गुलाबपाणी काही घालू नका.

घरात चाळिशी ओलांडलेलं किंवा मधुमेह असलेलं जे कुणी असेल, त्याचा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात नंबर लावा.